मुठीतली वीज

२००७ सालच्या दिवाळीत मी पगारातून चार पैसे बाजूला टाकून एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आजी माजघरातल्या भिंतीला टेकून बसली होती. मी अगदी तिच्या तोंडाशी जाऊन कळ दाबली. फोटोत काय आले? पिठाने माखल्यासारखा चेहरा, निखाऱ्यासारखे डोळे, भिंतीवर काळीकुट्ट सावली. आणि तिने स्वतःच्या हाताने लावलेल्या पणत्यांचा उजेड कुठल्या कुठे गेलेला! डोळे चोळीत आजी म्हणाली, “मेल्या, फोटो काढलास की अंगावर वीज पाडलीस?”

तिचा प्रश्न मनात घर करून राहिला आणि मी या विजेची कुळकथा शोधू लागलो.

फोटोग्राफीचा शोध १८३९ साली जगजाहीर झाला, तरी पहिली पंचवीस वर्षे तिचा मुख्य भरवसा सूर्यनारायणावर. १८६४ साली मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्स या फोटोग्राफरने मॅग्नेशियमची तार जाळून तिच्या उजेडात माणसाचा फोटो काढला. पुढे १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत इतर द्रव्ये मिसळून भडका उडवणारी दारू तयार केली. आपल्या फुलबाज्याची आणि तिची भाऊबंदकीच म्हणा ना!

ही दारू न्यूयॉर्कमधल्या जेकब रीसच्या हाती लागली. हा मूळचा डेन्मार्कचा. १८७० साली अमेरिकेत आला, हालअपेष्टा सोसल्या आणि अखेर वृत्तपत्राचा बातमीदार झाला. गरिबांच्या अंधाऱ्या चाळींत माणसे कशी कोंबलेली असतात हे लिहून लिहून तो थकला, पण सुखवस्तू लोकांना ते पटेना. तेव्हा रात्री कॅमेरा घेऊन तो त्या खोल्यांत शिरू लागला. आधी त्याच्याकडे पिस्तुलातून भडका उडवण्याचे साधन होते; ते पाहून लोक घाबरत, म्हणून त्याने साधा तवा घेतला. एकदा माळ्यावरच्या खोलीत आंधळ्या माणसांचा फोटो काढताना ठिणगीने भिंतीवरच्या कागद-चिंध्या पेटल्या. त्या बिचाऱ्यांना धोक्याचा पत्ताही नव्हता. रीसने एकट्यानेच आग विझवली. १८९० साली त्याचे पुस्तक निघाले आणि शहराला आपलीच काळी बाजू दिसली. १८९६ साली पोलीस ठाण्यांतली बकाल रात्रनिवासे बंद झाली, त्यामागे त्याचीच चिकाटी होती.

हे उपकार खरेच. पण त्याच्या काही फोटोंतले झोपेतून दचकलेले चेहरे पाहिले की मला आजी आठवते. ज्यांच्या भल्यासाठी उजेड पाडला, त्यांना आधी विचारले होते का?

१९३० च्या सुमारास काचेच्या गोळ्यात धातूचा पातळ वर्ख जाळणारा दिवा जर्मनीतून आला. धूर गेला, आगीचे भय गेले. मात्र एक गोळा एकाच फोटोपुरता. १९३१ पासून अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी साठवलेली वीज वायूच्या नळीतून क्षणार्धात सोडण्याची युक्ती विकसित केली. तीच नळी धाकटी होत होत आपल्या खिशातल्या कॅमेऱ्यात येऊन बसली.

आणि इथेच गफलत झाली. जुना फोटोग्राफर तवा किंवा दिवा कॅमेऱ्यापासून दूर, उंच धरी. छोट्या कॅमेऱ्यात दिवा थेट भिंगाला खेटून बसला. अंधारात बाहुल्या विस्फारलेल्या असतात. उजेड सरळ आत शिरतो, डोळ्याच्या पाठीमागच्या रक्ताळ पडद्यावरून परततो आणि थेट भिंगात येतो. म्हणून डोळे लाल. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. जवळचे नाक पांढरेफटक आणि मागचे देवघर काळोखात, याचे कारण तेच.

म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात खोट नव्हती. घाई माझी होती.

पुढच्या दिवाळीला मी शहाणा झालो. खोलीतला दिवा लावला, म्हणजे बाहुल्या आकसतात. आजीला भिंतीपासून चार पावले पुढे बसवले, म्हणजे सावली मागे जमिनीवर ओघळते. स्वतः तीन पावले मागे सरलो. फार मागे नाही, कारण या इवल्या दिव्याची धाव आठ-दहा फुटांचीच. फ्लॅशचा जोर एका पायरीने कमी केला. कॅमेऱ्यावर माणूस आणि चांदणी अशी खूण होती, ती निवडली. तिच्यामुळे फ्लॅश उडाल्यावरही झडप थोडा वेळ उघडी राहते आणि पणत्यांचा उजेड आत येतो. तेवढ्या वेळात हात हलू नये म्हणून कॅमेरा पालथ्या डब्यावर टेकवला.

आणि सगळ्यांत आधी म्हणालो, “आजी, काढू का? माझ्याकडे नको, पणत्यांकडे बघ. उजेड पडेल हं, दचकू नकोस.”

“काढ बाबा,” ती म्हणाली आणि पदर सारखा करून बसली.

फोटो पाहून ती म्हणाली, “ही मी खरी. आणि पणत्याही आल्यात की रे!”

त्यानंतरच्या दिवाळीला आजी नव्हती. तो फोटो माजघरात त्याच भिंतीवर लावला आहे. पहिला मी कपाटात जपून ठेवला आहे. नवा कॅमेरा किंवा फोन हातात आला की आधी तो काढून बघतो.