प्रमुख बंदरांच्या जमिनीचे भाडेपट्टे: कायदा काय सांगतो?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत, बंदराच्या मालकीच्या जमिनीवर गोदामांबरोबरच निवासी इमारती, दुकाने व कार्यालयेही उभी आहेत. तेथील भाडेपट्टेदारांचे हक्क सर्वसाधारण घरभाडेकरूंपेक्षा वेगळ्या नियमांनी ठरतात.

मुंबई, जवाहरलाल नेहरू, मुरगाव तसेच कर्नाटकातील नवीन मंगळूर ही प्रमुख बंदरे केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात. कारवारसारखी लहान बंदरे राज्य सरकारकडे असून त्यांना हे नियम लागू नाहीत.

मुदत

१९६३ च्या प्रमुख बंदर विश्वस्त कायद्यानुसार ३० वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास केंद्राची पूर्वसंमती आवश्यक होती. ३ नोव्हेंबर २०२१ पासून प्रमुख बंदर प्राधिकरण कायदा अमलात आला. त्यानुसार बंदराशी संबंधित वापरासाठी ४० वर्षांपर्यंत आणि अन्य वापरासाठी २० वर्षांपर्यंत जमीन देण्याचा अधिकार बंदराच्या मंडळास आहे. त्यापुढील मुदतीसाठी केंद्राची मान्यता लागते.

दर

केंद्राच्या २०१४ च्या जमीन धोरणात निविदा व लिलावाच्या पद्धतीवर भर देण्यात आला. वार्षिक भाडे बाजारमूल्याच्या किमान ६ टक्के, त्यात दरवर्षी किमान २ टक्के वाढ आणि दर पाच वर्षांनी दरनिश्चिती, असे सूत्र त्यात होते. मुंबई, कोलकाता व कांडला बंदरांच्या नगरवसाहतींच्या जमिनी मात्र या धोरणातून वगळण्यात आल्या होत्या.

न्यायालयाची भूमिका

बंदर व त्याचा भाडेकरू यांच्यातील व्यवहारास भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण मिळत नाही. तथापि, ही सवलत म्हणजे मनमानीचा परवाना नव्हे. सार्वजनिक संस्थेने जमीनमालक म्हणूनही वाजवी व जनहितास धरून वागले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये द्वारकादास मारफतिया प्रकरणात स्पष्ट केले. जमशेद होरमसजी वाडिया प्रकरणातील २००४ च्या निकालात हेच तत्त्व भाडेवाढीस लावण्यात आले. बंदर रास्त भाडे आकारू शकते. मात्र खासगी मालकाप्रमाणे केवळ नफ्याच्या हेतूने भाडेकरूची पिळवणूक करू शकत नाही, असा त्याचा आशय आहे.

निष्कासन

मुदत संपल्यावर वा पट्टा रद्द झाल्यावर ताबा न सोडणाऱ्यावर १९७१ च्या सार्वजनिक जागा कायद्याखाली कारवाई होते. मालमत्ता अधिकाऱ्याने प्रथम कारणे दाखवा नोटीस देऊन बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. निष्कासनाच्या आदेशाविरुद्ध जिल्हा न्यायाधीशाकडे, तर मुंबईत नगर दिवाणी न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी आदेश प्रसिद्ध झाल्यापासून केवळ १२ दिवसांची मुदत असल्याने नोटिशीकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते.