फाशांचे दान बदलणे (भूमिकाखेळ)

फाशांचे दान बदलणे म्हणजे टेबलावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत गेम मास्टरने, अर्थात सूत्रधाराने, पडलेले दान लपवून खेळाडूंना वेगळेच दान सांगणे. ही कृती योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद आहेत.

पार्श्वभूमी
गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्यात सूत्रधार पडद्याआड फासे टाकू शकतो. गायगॅक्स यांच्या १९७९ च्या मार्गदर्शिकेने सूत्रधाराला दान डावलण्याची मुभा दिली. २०१४ च्या मार्गदर्शिकेने मात्र ते वारंवार करू नये असे सुचवले.

मतभेद
समर्थकांच्या मते, केवळ लागोपाठ वाईट दाने पडल्याने दीर्घकाळ जोपासलेले पात्र मरणे कथेला मारक ठरते. महाभारतातील शकुनी जिंकण्यासाठी खेळत होता. सूत्रधाराला मात्र कोणालाही हरवायचे नसते. विरोधकांच्या मते, पात्र वाचणार हे आधीच ठरले असल्यास खेळाडूंनी पत्करलेल्या धोक्याला अर्थ उरत नाही आणि लपवाछपवी उघड झाल्यास विश्वास उडतो.

पर्याय
सारीपाटाप्रमाणे सर्वांसमक्ष फासे टाकणे, किंवा एखादा निकाल मान्यच नसेल तर फासे न टाकणे, हे पर्याय सुचवले जातात. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळात सूत्रधार फासे टाकतच नाही.