क्विन्कंक्स

क्विन्कंक्स : इंग्रजीतील एक क्वचित भेटणारा शब्द. ल्युडोच्या फाशावरचे पाचाचे दान डोळ्यांपुढे आणले की त्याचा सर्वांत रूढ अर्थ कळतो : चौरसाच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके आणि मधोमध पाचवा. शब्दाचा जन्म मात्र या आकृतीतून झालेला नाही, तो एका अपूर्णांकातून झाला. बागाईत, ज्योतिष, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या विषयांत हा शब्द का भेटतो, याचे उत्तर या दुहेरी कुळात आहे.

लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’ म्हणजे पाच आणि ‘उन्किया’ म्हणजे बारावा हिस्सा. रोमन लोक ‘आस’ या नाण्याचे आणि वजनाचे बारा भाग करीत. त्यांतले पाच भाग म्हणजे क्विन्कंक्स, अर्थात ५/१२. आपल्याकडे आणा हे नाणे असूनही सोळावा हिस्सा सांगायला चालत असे, पिकाची आणेवारी त्यातूनच आली. उन्कियाचेही तसेच होते. वारसाहक्कातील वाटे आणि व्याजाचे दर त्यातच बोलले जात. महिन्याला शेकडा ५/१२ म्हणजे वर्षाला ५ टक्के, आणि या व्याजालाही क्विन्कंक्सच म्हणत. होरेसच्या ‘आर्स पोएटिका’त एका शाळकरी मुलाला हिशेब घातला आहे : क्विन्कंक्समधून एक उन्किया काढली तर काय उरेल? उत्तर, एक तृतीयांश. इंच आणि औंस हे शब्दही उन्कियाचेच वंशज आहेत. म्हणजे हा अनोळखी शब्द आपल्या फूटपट्टीचा जवळचा नातलग ठरतो.

इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या काळात, दक्षिण इटलीतील लुसेरियासारख्या नगरांनी पाच उन्कियांची नाणी पाडली. किंमत कळावी म्हणून त्यांवर पाच ठिपके असत, आणि काही नाण्यांवर ते फाशावरच्यासारखे मांडलेले आहेत. अपूर्णांकाचे नाव आकृतीला चिकटले ते या ठिपक्यांमुळे, असे मानले जाते.

इंग्रजीत अपूर्णांकाच्या कुळातला एक अर्थ अजून टिकून आहे, तो पाश्चात्त्य ज्योतिषात. वर्तुळाचे ५/१२ म्हणजे १५० अंश, आणि दोन ग्रहांमध्ये एवढे अंतर असले की त्या योगाला क्विन्कंक्स म्हणतात. मराठी वाचकाला हा योग दुसऱ्या नावाने चांगला माहीत आहे. पाच राशींचे अंतर आपल्या पद्धतीने, दोन्ही टोके धरून, मोजले तर एकीकडून सहावी रास येते आणि दुसरीकडून आठवी. हेच षडाष्टक. दोन्ही परंपरांत हा योग न जुळण्याचा समजला जातो, आणि मराठीत तर तो पत्रिकेतून बाहेर पडून सासू-सुनांच्या, शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत पोचला. या शब्दाच्या सगळ्या अर्थांत मला हाच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे पाच ठिपक्यांचा मागमूसही नाही.

आकृतीच्या कुळात झाडांचा मान पहिला. झाडे अशी लावण्याची स्तुती सिसेरो आणि क्विन्टिलियन या दोघांनीही केली आहे. नॉरिचचा वैद्य सर टॉमस ब्राउन याने १६५८ साली ‘द गार्डन ऑफ सायरस’ हा अख्खा ग्रंथच या रचनेवर लिहिला. बागेपासून निघून जाळी, विणकाम, पाने, बिया असे जिथे पाहावे तिथे त्याला ती दिसू लागली. आपल्या कृषी महाविद्यालयांत फळबागेच्या आखणीची एक पद्धत म्हणून हा शब्द आजही शिकवला जातो. दहा-दहा मीटरवर आंबा लावला तर हेक्टरी १०० झाडे बसतात. प्रत्येक चौरसाच्या मध्यावर पपईसारखे लवकर फळणारे एकेक झाड लावले की संख्या जवळपास दुप्पट होते, पण दोन झाडांतले अंतर सात मीटरांवर येते. म्हणून आंब्याचा विस्तार वाढू लागला की मधले झाड काढायचे असते. हात न धजल्याने ते तसेच राहिले तर बाग दाटते आणि दोन्ही पिके मार खातात.

फ्रान्सिस गॉल्टन याने १८७३ साली एक उभी फळी करवून घेतली. तिच्यावरच्या खिळ्यांच्या प्रत्येक ओळीतला खिळा वरच्या ओळीतल्या दोन खिळ्यांच्या फटीखाली येत असे, म्हणून त्याने तिला क्विन्कंक्स म्हटले. वरून सोडलेला छर्रा प्रत्येक खिळ्यावर आपटून डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. एकाचा मार्ग सांगता येत नाही, पण पुष्कळ छर्रे पडले की तळाच्या कप्प्यांत घंटेच्या आकाराची रास होते. संख्याशास्त्राच्या वर्गात प्रसामान्य वितरण समजावायला याहून चांगले साधन मला माहीत नाही.

वनस्पतिशास्त्रात कळीतली पाच दले एकमेकांवर कशी येतात, त्याच्या एका प्रकाराला हे विशेषण लागते : दोन दले पूर्ण बाहेर, दोन पूर्ण आत, आणि पाचवे एका कडेने बाहेर, दुसऱ्या कडेने आत. रानगुलाबाच्या कळीवरच्या हिरव्या दलांत हे उघड दिसते, कारण झाकलेल्या कडेला झालर नसते. यावर लॅटिनमध्ये एक जुना उखाणा आहे : पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघांना नाही, एकाला अर्धीच.

चार्ल्स सँडर्स पर्स याने १८७९ साली काढलेल्या जगाच्या चौरस नकाशाचे नाव याच शब्दावरून आहे. त्यात उत्तर ध्रुव मध्यावर येतो आणि दक्षिण ध्रुव चारही कोपऱ्यांत. चार्ल्स पॅलिसर यांच्या १९८९ मधील ‘द क्विन्कंक्स’ या कादंबरीत पाच भाग, प्रत्येकात पाच खंड, प्रत्येक खंडात पाच प्रकरणे आहेत. युरोपातल्या कैद्यांच्या हातावर गोंदलेल्या पाच ठिपक्यांचा अर्थ चार भिंती आणि आतला माणूस असा लावतात.

वास्तुशास्त्रात बायझंटाइन चर्चचे पाच घुमट आणि कंबोडियातील अंकोरवाटचे पाच मनोरे यांच्या मांडणीचे वर्णन या शब्दाने केले जाते. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर त्याच रचनेचे आहे : मधे शिवाचे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, देवी व सूर्य यांची लहान देवळे. घरच्या देवघरातले पंचायतनही असेच मांडतात. पाच देव तेच राहतात, फक्त मधे शिव असला तर ते शिवपंचायतन आणि गणपती असला तर गणेशपंचायतन.