मोलोकाईचे संत डेमियन : स्वार्थत्यागाचें मूळ

जुबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास लिहूं लागलें, म्हणजे देवळाची पायाभरणी, शाळा, घंटा व एकामागून एक आलेले धर्मगुरु यांची गणना सहज होते. परंतु ज्यांनीं आपलें सुख बाजूस ठेवून दुसऱ्यांचें ओझें उचललें, त्यांनीं तें कां उचललें, हें दप्तरांत सांपडत नाहीं. मनुष्य स्वभावतः आपल्या जिवास जपतो. असें असतां कांहीं माणसें समाजासाठीं आपलें आरोग्य व आयुष्यही खर्ची घालतात, तीं कशाच्या बळावर? ह्या प्रश्नाचा विचार मोलोकाईचे संत डेमियन यांच्या चरित्राच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बेल्जियम देशांतील ट्रेमेलो गांवीं 3 जानेवारी 1840 रोजीं एका शेतकरी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. घरचें नांव जोझेफ द व्हूस्टर. येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघांत ते दाखल झाले. हवाई बेटांवर जाण्याची नेमणूक वास्तविक त्यांचे वडील बंधु फादर पांफिल यांची होती. ते आजारी पडले, तेव्हां डेमियन यांनीं त्यांची जागा मागून घेतली. 1864 च्या मार्चांत ते होनोलुलूस पोहोंचले व मे महिन्यांत त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळीं हवाई बेटांत कुष्ठरोग पसरत चालला होता आणि त्यावर औषध नव्हतें. 1865 सालीं तेथील राज्यानें कायदा करून रोग्यांस वेगळें ठेवण्याचें ठरविलें व 1866 च्या जानेवारीपासून त्यांची रवानगी मोलोकाई बेटाच्या कालाउपापा भूशिरावर होऊं लागली. तीन बाजूंस समुद्र व चौथ्या बाजूस सुमारें 2,000 फूट उंचीचा कडा, असा तो निसर्गानेंच बांधलेला तुरुंग होता. 1969 सालीं ही सक्ती उठेपर्यंत सुमारें 8,000 माणसें तेथें धाडण्यांत आलीं.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. डेमियन यांच्या आधींच कांहीं निरोगी माणसें त्या जागीं आपण होऊन गेलीं होतीं. कोणी पत्नी पतीबरोबर, कोणी पति पत्नीबरोबर, कोणी आपल्या मुलाबरोबर. हवाई भाषेंत त्यांस 'कोकुआ', म्हणजे मदतनीस, म्हणत. त्यांनीं कांहीं मोठें व्रत घेतलें नव्हतें. आपलें माणूस त्यांच्यानें टाकवलें नाहीं, इतकेंच.

1873 सालीं बिशप मेग्रे यांनीं ह्या रोग्यांचा प्रश्न आपल्या धर्मगुरूंपुढें मांडला. आज्ञेच्या जोरावर कोणास मृत्यूच्या तोंडीं देण्यास ते तयार नव्हते. चौघे जण आपखुषीनें पुढें आले व आळीपाळीनें जाण्याचें ठरलें. पहिली पाळी डेमियन यांची. 10 मे 1873 रोजीं ते तेथें उतरले आणि कायमचेच राहिले. आरंभींच्या रात्रीं त्यांनीं देवळाशेजारीं केवड्याच्या जातीच्या एका झाडाखालीं काढल्या. पुढें जखमा धुणें, पट्ट्या बांधणें, घरें उभारणें, पाण्याचे नळ घालणें, अनाथ मुलांचा सांभाळ करणें, हीं कामें त्यांनीं अंगावर घेतलीं. मेलेल्यांसाठीं स्वहस्तें शवपेट्या करून ते त्यांस मानानें मूठमाती देत.

सर्वसाधारण समजूत अशी आहे कीं, स्वतःस रोग जडल्यावर त्यांनीं एके दिवशीं प्रवचनाचा आरंभ 'आपण कुष्ठरोगी' ह्या शब्दांनीं केला. वस्तुस्थिति याहून अधिक बोधप्रद आहे. 1873 च्या नोव्हेंबरांतच, प्रकृति धडधाकट असतांना, त्यांनीं बंधूंस पत्रानें कळविलें होतें कीं, मी प्रवचनांत लोकांस 'बंधूंनो' असें न म्हणतां 'आपण कुष्ठरोगी' असेंच म्हणतों. रोगाची खूण त्यानंतर अकरा वर्षांनीं पटली. 1884 च्या डिसेंबरांत कढत पाण्यानें पाय पोळला, पण वेदना जाणवली नाहीं. म्हणजे शरीरापूर्वीं अकरा वर्षें ते मनानें त्या लोकांतले झाले होते. मराठींत जसा 'आम्ही' व 'आपण' यांत भेद आहे, तसाच तो हवाई भाषेंतही आहे. 'आम्ही' ऐकणाऱ्यास बाहेर ठेवूं शकतें. 'आपण' त्यास जवळ घेतें.

आमच्या मतें प्रश्नाचें उत्तर येथें आहे. मीं किती गमावलें व परक्यास किती दिलें, असा जमाखर्च त्यागी मनुष्य मांडीत नाहीं. कारण त्याच्या लेखीं समोरचा मनुष्य परका उरलेलाच नसतो. आजारी लेकराजवळ रात्र जागणाऱ्या आईस कोणी त्यागी म्हटलें, तर तिला नवल वाटेल. संतांचें वेगळेपण हेंच कीं, त्यांच्या घराची कूड फार दूर सरकलेली असते. आणि ही रीति त्यांस प्रभूनेंच शिकविली आहे. देवपुत्रानें दुरून मदत धाडली नाहीं. तो मनुष्य होऊन मनुष्यांत राहिला.

ह्यावरून डेमियन निर्दोष होते असें कोणी समजूं नये. ते हट्टी व तापट होते, वरिष्ठांशीं त्यांचे खटके उडत. त्यांच्या मृत्यूनंतर होनोलुलूंतील एका प्रॉटेस्टंट पाळकानें त्यांची निंदा केली, तेव्हां प्रख्यात लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनीं, स्वतः प्रॉटेस्टंट असून, 1890 सालीं उघड पत्र लिहून त्यांची बाजू घेतली. मात्र त्यांचे दोष लपविले नाहींत. तसेंच, त्याग म्हणजे रोग ओढवून घेणें नव्हे. 1888 सालीं तेथें आलेल्या मदर मरियाना कोप यांनीं स्वच्छतेचे नियम कसोशीनें पाळून जवळजवळ 30 वर्षें सेवा केली व त्यांस रोग झाला नाहीं. 2012 सालीं त्याही संतपदास पोहोंचल्या.

15 एप्रिल 1889 रोजीं, वयाच्या 49 व्या वर्षीं, डेमियन यांनीं देह ठेवला. 11 ऑक्टोबर 2009 रोजीं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें. त्यांच्या नांवाचा 'डेमियन-डटन' पुरस्कार 1983 सालीं वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांस मिळाला, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट होय.

कुष्ठरोग आतां औषधानें बरा होतो. परंतु माणसाला कड्यापलीकडे लोटण्याची वृत्ति अद्याप बरी झालेली नाहीं. जुबिलीच्या वर्षीं आपण एवढेंच पहावें कीं, आपल्या धर्मग्रामांत कोण एकटा पडला आहे. कोणत्या घरचा आजारी, कोणता म्हातारा, कोणता परगांवचा मजूर आपल्या 'आपण' ह्या शब्दाबाहेर राहिला आहे. त्यास आंत घेण्याची सद्बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.