मण्यार, कवड्या आणि तिसरा एक
(प्रस्तावना)

सोयाबीनच्या सोंगणीत पेंढीखालून साप निघाला, की वाशीमकडच्या वावरात दोन प्रश्न एकापाठोपाठ येतात. ‘कोनता हाय?’ आणि ‘जहरी हाय का?’ आधी नाव, मग विष. वर्गीकरणशास्त्रही ह्याच क्रमानं चालतं. म्हणून पुढल्या पानांत शिरणाऱ्या वाचकाला आपण परक्या मुलखात आलो असं वाटायचं कारण नाही. अर्धी वाट तो चालून आलेला आहे.

उरलेल्या अर्ध्या वाटेवर मात्र काही समजुती सोडाव्या लागतील. पहिली म्हणजे ‘विषारी साप’ नावाचा एक वर्ग असतो ही. तसा वर्ग नाही. नाग आणि मण्यार एका कुळातले. त्यांचे विषदंत आखूड, जागच्या जागी ताठ, आणि विष मुख्यतः मज्जासंस्थेवर चालणारं. घोणस आणि फुरसं वेगळ्या कुळातले. त्यांचे दात लांब आणि मिटणारे, विष रक्ताची गोठण बिघडवणारं. झाडावरचा मांजऱ्या जबड्याच्या मागच्या दातांतून सौम्य विष सोडतो, पण नातं सांगतो ते धामणीशी. विष हा गुण आहे, गोत्र नव्हे.

दुसरी समजूत रंगाची. आपल्याकडे गव्हाळ्या नाग वेगळा आणि डोम्या वेगळा मानतात. शास्त्राच्या वहीत दोघं एकच, लिनियसनं 1758 साली नोंदवलेली ‘नाजा नाजा’ ही जात. उलट मण्यार आणि कवड्या लोकांना सारखे वाटतात. दोघांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे, दोघंही रात्री फिरणारे, दोघंही घरात शिरणारे. एकाचा दंश झोपेत कळतही नाही आणि पहाटे पोटात दुखू लागतं. दुसरा निव्वळ निरुपद्रवी. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे बहुधा मानेजवळ पुसट किंवा गायब असतात आणि मागे स्पष्ट होतात. पण पट्ट्यांवर भिस्त ठेवू नये, कारण काही मण्यारींना ते जवळपास नसतातच. भरवशाची खूण पाठीच्या मधोमध आहे. मण्यारीच्या कण्यावरची खवल्यांची रांग शेजारच्या रांगांपेक्षा मोठी आणि षटकोनी असते, कवड्याची नसते. अंगाच्या मध्यावर आडवे मोजले तर मण्यारीचे पंधरा खवले भरतात, कवड्याचे सतरा.

इथवर सगळं सोपं वाटतं. मग तिसरा येतो.

रंगपूर, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या एका सापाचं वर्णन राइनहार्ट ह्या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञानं 1863 साली केलं. हा अंडीखाऊ साप. तोंडात दात नावापुरते, पण घशाच्या भागातल्या मणक्यांना आत टोकं, आणि गिळलेलं पक्ष्याचं अंडं त्यांवर फुटतं. पुढं शंभराहून अधिक वर्षं ह्या सापाचे मोजकेच नमुने हाती होते, म्हणून तो पूर्वेकडच्या ओल्या मुलखाचा समजला जाई. मग 2005 साली अशोक कॅप्टन, पराग दांडगे आणि त्यांच्या दोन जर्मन सहकाऱ्यांनी त्याची महाराष्ट्रातली पहिली नोंद प्रसिद्ध केली, तीही विदर्भातून! कुठं रंगपूर आणि कुठं विदर्भाची कोरडी, काळ्या मातीची शिवारं; मधलं अंतर हजार किलोमीटरांहून जास्त. दोनच वर्षांत अमरावती जिल्ह्याच्या सर्पसूचीतही तो आला. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आधीपासूनच होता. कायद्याला ठाऊक असलेला साप आपल्या धुऱ्यावर फिरत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

आता मघाची खूण आठवा. ह्या अंडीखाऊच्या पाठीवरही मधली रांग मोठी असते. एकाच खुणेवर निकाल देणाऱ्यानं त्याला मण्यार ठरवून मारलं तर नवल नाही. आणि 2018 साली डीएनए तपासल्यावर आणखी एक गोष्ट कळली. स्वतंत्र प्रजातीत एकटाच बसवलेला हा साप खरं तर मांजऱ्याच्या घराण्यातला, ‘बोइगा’ प्रजातीतलाच निघाला. चमत्कारिक आहारामुळं दीडशे वर्षं आपण त्याला भावकीबाहेर ठेवलं होतं.

लपलेल्या जाती सापडतात त्या अशा. कधी नवं गाव, कधी जुन्या नावाखाली दडलेले अनेक जण. हरणटोळाचंच पाहा. जुन्या पुस्तकांत त्याचं जे शास्त्रीय नाव छापलंय, ते 2020 च्या अभ्यासानंतर श्रीलंकेपुरतं उरलं. द्वीपकल्पातला आपला हरणटोळ वेगळी जात ठरला. गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांचंही तेच झालं. व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये त्यांची नव्यानं छाननी केली, तेव्हा एका जुन्या नावातून कितीतरी जाती बाहेर आल्या. त्यांतल्या काहींसाठी केलेल्या नव्या प्रजातीला नाव दिलं ‘सरडा’, थेट मराठीतून. मला हे बारसं फार आवडतं.

ह्याला कीस काढणं म्हणणाऱ्यांनी इस्पितळाचा विचार करावा. आपल्याकडची प्रतिविष लस चार सापांच्या विषावर बेतलेली आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. 2000 ते 2019 ह्या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. मण्यार म्हणजे एकच साप नव्हे. वायव्येकडच्या सिंध मण्यारीच्या अंगावर पंधराऐवजी सतरा रांगा भरतात आणि तिचं विष लशीत धरलेलं नाही. दोन खवल्यांचा फरक कुणाच्या तरी उशापर्यंत पोचतो.

सह्याद्रीवर अभ्यासकांची वर्दळ आहे. कोयनेच्या जंगलातून 2019 साली मांजऱ्याची नवी जातही मिळाली. आपल्याकडचं कारंजा-सोहोळचं गवताळ रान, पैनगंगेचा काठ, मालेगाव-रिसोडची माळरानं मात्र अजून वाट पाहताहेत. इथं काम करायला प्रयोगशाळा लागत नाही, सापाला हात लावायची तर मुळीच गरज नाही. साप पकडणं कायद्यानं गुन्हा आहे आणि मेलेल्या सापाचं डोकंही दगा देतं. गोठ्यात, कुडाच्या फटीत कात सापडेल. उलट्या काढलेल्या पायमोज्यासारखी ती असते. रंग गेलेला असतो, पण खवल्यांची नक्षी शाबूत असते. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून मधल्या भागाचा फोटो घ्या. गाव आणि तारीख लिहा. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रांगा मोजा, आणि आकडा पंधरा किंवा सतरा नसेल, तर पुन्हा एकदा मोजा.