छावणी आणि भत्ता : लष्करी अधिकाऱ्यांच्या कौटुंबिक निवासाचा प्रश्न

लष्करी अधिकाऱ्यास मिळणाऱ्या घरभाडे भत्त्याकडे सामान्यतः वेतनाची पुरवणी म्हणून पाहिले जाते. हा समज कितपत बरोबर आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याकरिता प्रथम दोन शब्दांकडे वळणे सोयीचे होईल. ‘छावणी’ हा शब्द छप्पर घालणे, आच्छादणे या अर्थाच्या ‘छावणे’ या धातूशी निगडित आहे. ‘भत्ता’ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘भक्त’, प्राकृत ‘भत्त’, म्हणजे शिजविलेले अन्न, याच्याशी जोडला जातो. आपला ‘भात’ त्याच कुळातला. एका शब्दाच्या मुळाशी छप्पर आहे, दुसऱ्याच्या मुळाशी अन्न. घरभाडे भत्ता म्हणजे छपराऐवजी दिलेला पैसा होय. आणि वस्तूऐवजी पैसा दिला की तो तिची बरोबरी करतो काय, हा प्रश्न ओघानेच येतो.

मराठ्यांच्या काळी हा प्रश्न या स्वरूपात उद्भवला नव्हता. दसऱ्यास सीमोल्लंघन करून निघालेली फौज शक्यतो पावसाळ्यापूर्वी परत फिरे. मोहीम लांबली तर पावसाळ्यापुरती परमुलखात छावणी पडे. शिपायाचे घर त्याच्या गावी असे, आणि सरदाराचा खर्च सरंजामाच्या उत्पन्नातून चाले. कुटुंबास छप्पर पुरविणे हे सरकारचे वेगळे काम मानले जात नसे. बारमाही खडी फौज आणि वारंवार बदल्या ही इंग्रजी राज्याची रीत रूढ झाल्यावर अधिकाऱ्याचे स्वतःचे घर आणि नोकरीचे ठिकाण यांची कायमची फारकत झाली.

छपराचे मोल पैशात ठरविताना काय घडते, याचा स्पष्ट दाखला बंगाल इलाख्यात सापडतो. १८०१ साली अधिकाऱ्यांच्या निवासाचा भार सरकारने आपल्या अंगावरून काढला आणि त्याच्या मोबदल्यात पूर्ण भत्ता मान्य केला. पुढे १८२८ च्या नोव्हेंबरात, कंपनीच्या संचालकांच्या आग्रहावरून, गव्हर्नर जनरल बेंटिंकने कलकत्त्यापासून ४०० मैलांच्या आतील ठाण्यांवर अर्धा भत्ता व घरभाडे देण्याचा हुकूम काढला. अधिकारीवर्गात मोठा क्षोभ उसळला. ज्यास ते करार समजत होते, त्यास सरकार सवलत समजत होते. एकच रक्कम देणाऱ्याच्या लेखी अनुग्रह आणि घेणाऱ्याच्या लेखी हक्क ठरली; वादाचे मूळ या अर्थभेदात होते.

रोख रकमेखेरीज सरकारपाशी आणखी एक मार्ग होता. १८३६ च्या बंगालमधील हुकुमानुसार छावणीतील बंगल्याची जमीन सरकारची राही आणि इमारत तेवढी बांधणाराची. लष्कराबाहेरच्या माणसास ती विकावयाची तर ठाण्याच्या प्रमुखाची संमती लागे. १९०२ चा आणि त्याची जागा घेणारा १९२३ चा छावणी निवासव्यवस्था कायदा याच दिशेने गेले. अधिकाऱ्यास घराची गरज असल्यास छावणीतील खाजगी घर भाडेपट्ट्याने सरकारला देण्यास मालकास भाग पाडण्याची तरतूद त्यांत होती. येथे अधिकाऱ्याच्या हाती पैसा न देता घरच मिळवून देण्याचा विचार होता. परंतु या कायद्यांची सत्ता छावणीच्या हद्दीपुरती होती. कुटुंब हद्दीबाहेर राहावयास गेले की कायदा मागे राहतो आणि सोबतीस केवळ भत्ता उरतो.

नाशिकजवळची देवळाली या दृष्टीने लक्षणीय आहे. १८६१ मध्ये वसविलेली ही छावणी विलायतेहून येणाऱ्या व तिकडे परतणाऱ्या पलटणींच्या तात्पुरत्या मुक्कामाची जागा होती. जहाजाची वाट पाहत येथे अडकलेल्या सोल्जरांच्या मनःस्थितीवरून इंग्रजी बोलीत ‘डूलॅली’ हा वेडसरपणाचा वाचक शब्द रूढ झाला. बिऱ्हाड थाटण्याचा विचार त्या मुक्कामात नव्हता. आज तेथे तोफखाना विद्यालय आहे. सरकारी निवासस्थान उपलब्ध नसलेला अधिकारी कुटुंबासाठी नाशिक शहरात वा नाशिकरोडला घर पाहतो, आणि निवासस्थान नसल्याचा दाखला मिळाल्यावर त्यास भत्ता मिळतो.

या भत्त्याचे माप मूळ वेतन हे आहे. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, शहरांच्या तीन वर्गांना अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के असे दर लागू झाले. महागाई भत्ता वाढल्यावर १ जानेवारी २०२४ पासून ते ३०, २० व १० टक्के झाले. नाशिक मधल्या वर्गात मोडते. सातव्या आयोगाच्या श्रेणीत मेजरचे आरंभीचे मूळ वेतन ६९,४०० रुपये. त्यावर २० टक्क्यांनी भत्ता १३,८८० रुपये होतो. लष्करी सेवा वेतन या हिशेबात धरले जात नाही. येथे वर्ग शहराचा ठरतो, दर वेतनावर बसतो. प्रत्यक्ष भाडे, कुटुंबातील माणसे, मुलांची शाळा किंवा दोन वर्षांत होणारी बदली यांना त्या सूत्रात स्थान नाही. एकाच शहरात निरनिराळ्या वस्त्यांत भाडे सारखे नसते, हेही त्यात येत नाही.

सारांश, घरभाडे भत्त्यास वेतनाची पुरवणी म्हणणे इतिहासाला धरून नाही. छप्पर पुरविण्याच्या जबाबदारीचे ते रोख रूपांतर आहे. असे रूपांतर करताना सरकारची जबाबदारी ठराविक रकमेपुरती सीमित होते, आणि रक्कम व भाडे यांतील अंतर सोसण्याचे काम कुटुंबाकडे जाते. १८२८ साली तक्रार करणारे स्वतः अधिकारी होते, म्हणून त्यांची बाजू दप्तरांत नोंदली गेली. हद्दीबाहेरच्या घरात दर बदलीस नव्याने संसार मांडणाऱ्या गृहिणीची बाजू दप्तरांतून शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. छावणीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने ती घरोघरच्या पत्रांतून व भाडेचिठ्ठ्यांतून गोळा केली पाहिजे.