चिखलातून चंद्रापर्यंत

गाडी चिखलात रुतली की आपण चालकाला नाहीतर इंजिनाला दोष देतो. चाकाखालच्या मातीची चौकशी कुणी करत नाही. ती एका पोलिश अभियंत्याने जन्मभर केली. त्यांचे नाव म्येचिस्वाफ बेकर.

बेकर यांचा जन्म १९०५ सालचा. १९२९ साली वॉर्सा येथील तंत्रविद्यापीठातून ते अभियंता झाले आणि पोलिश सैन्याच्या वाहनांवर संशोधन करू लागले. १९३९ साली जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. रुमानिया, फ्रान्स असा प्रवास करत १९४२ साली ते कॅनडात पोहोचले. देश सुटला, पण प्रश्न सुटला नाही. कॅनडाच्या सैन्यात त्यांनी तेच संशोधन पुढे नेले. १९५६ साली ते अमेरिकेत गेले; मिशिगन विद्यापीठात त्यांनी अध्यापनही केले.

त्यांचे म्हणणे काय होते? वजनाला टेकलेल्या क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो, हे आपण शिकवतोच. पण केवळ दाबावरून गाडी किती रुतेल ते कळत नाही. बेकर यांनी निरनिराळ्या रुंदीच्या पट्ट्या मातीत दाबून खोली मोजली. दाब तोच ठेवून रुंदी बदलली तरी खोली बदलते, आणि प्रत्येक मातीचे आकडे निराळे असतात. चाकोरी पाडण्यात गाडीची शक्ती खर्ची पडते. ती वाचवायची तर चाक रुंद करण्यापेक्षा त्याचा व्यास वाढवणे अधिक फायद्याचे, असे त्यांच्या समीकरणांतून निघाले. या शास्त्राला ‘टेरामेकॅनिक्स’ म्हणतात.

१९६१ साली बेकर जनरल मोटर्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत गेले. आता माती चंद्रावरची होती. हंगेरीहून आलेले फेरेन्त्स पावलिच हे त्यांचे सहकारी. या गटाने पोलादी तारांच्या जाळीची, हवा न भरलेली चाके तयार केली. व्यास सुमारे ८२ सेंटीमीटर, रुंदी अवघी २३. जुलै १९७१ मध्ये अपोलो-१५ मोहिमेत दोन अंतराळवीर या गाडीतून चंद्रावर फिरले. चाके सरासरी सव्वा सेंटीमीटरच रुतली. पुढच्या दोन मोहिमांतही अशाच गाड्या गेल्या. बेकर १९८९ साली निवर्तले.

वर्गात एक वीट कोरड्या वाळूवर आडवी ठेवा, मग उभी ठेवा. दर वेळी खोली मोजा. नंतर हेच ओल्या वाळूत आणि चिखलात करा. वीट तीच, वजन तेच. आकडे मात्र बदलतील. ते का बदलले, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. बेकर यांचे शास्त्र तिथूनच सुरू होते.